कै. लक्ष्मीबाई टिळक आणि भयाचे ओझे

नाशिक शहराच्या जवळच गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे एक लहानसे खेडे आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळीत ज्यांचे नाव घरोघरी ठाऊक आहे, त्या लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म १८६८ साली तेथील गोखल्यांच्या घराण्यात झाला. माहेरी त्यांना मनकर्णिका म्हणत, व लाडाने मनू अशी हाक मारीत. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या पत्नी, कवयित्री व ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाच्या कर्त्या म्हणून आपण त्यांना ओळखतो. परंतु आज त्यांचे चरित्र सांगण्याचा आमचा हेतू थोडा निराळा आहे. त्यांचे बालपण ज्या घरात गेले, त्या घरावर एका भयाचे राज्य होते. त्या भयाचे स्वरूप काय होते, लक्ष्मीबाई त्यातून कशा मोकळ्या झाल्या, आणि आज अशा भयाने ग्रासलेल्या माणसाला कोणता उपाय आहे, हे पाहावे असे आम्ही योजिले आहे. कारण असे भय आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतही आहे. ते दाराआड असते, म्हणून कोणाच्या दृष्टीस पडत नाही, इतकेच.

लक्ष्मीबाईंच्या जन्मापूर्वी सुमारे दहा वर्षे, १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत, त्यांच्या आईच्या वडिलांना सरकारने फाशी दिले. या घटनेचा सर्वांत खोल घाव बसला तो त्यांच्या जावयाच्या, म्हणजे लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर. त्यांना घरात नाना म्हणत. त्या दिवसापासून नानांना सोवळ्याचे वेड लागले. सोवळेओवळे तर त्या काळी प्रत्येक ब्राह्मण घरात पाळीत असत; त्यात नवल काही नव्हते. पण नानांचे सोवळे रूढीची वेस ओलांडून फार पुढे गेले होते. बाजारातून आणलेली प्रत्येक वस्तू विटाळलेली आहे असे त्यांना वाटे, आणि ती धुतल्यावाचून घरात घेऊ देत नसत. धान्य धुवावयाचे, साखर धुवावयाची, मीठसुद्धा धुवावयाचे! मीठ धुतल्यावर त्यातले हाती किती उरत असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

या गोष्टी लक्ष्मीबाईंनी म्हातारपणी लिहून ठेविल्या, तेव्हा त्या वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. परंतु क्षणभर त्या घरातल्या माणसांच्या जागी उभे राहून पाहा. सोवळ्याचे हे सारे ओझे वाहावयाचे कोणी? घरातल्या बाईने व मुलांनी. ओली वस्त्रे, ओले धान्य, पुन्हा पुन्हा पाणी, आणि एवढे करूनही घरधन्याच्या जिवाला स्वस्थता नाही. नाना दुष्ट नव्हते. ते भ्यालेले होते. त्यांना आपल्या भयाची लाज वाटत नसे, कारण त्या भयाने धर्माचा वेष घेतला होता. धर्माचा वेष घेतलेल्या भयाला घरात कोण अडविणार?

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मनुष्याच्या स्पर्शाने मनुष्य विटाळतो ही कल्पना आजार नव्हे, तो अन्याय आहे. त्या अन्यायाखाली आपल्यापैकी पुष्कळांच्या आज्या-पणज्या पिढ्यान् पिढ्या भरडल्या गेल्या. त्याला आजार म्हणून सोडून देता येत नाही. परंतु नानांच्या ठायी या सामाजिक रूढीत एक मनाची व्याधी येऊन मिसळली होती. रूढी पाळणारा मनुष्य एकदा हात धुतो आणि जेवावयास बसतो. ज्याला ही व्याधी आहे, त्याचे हात धुऊन संपतच नाहीत.

मराठीत या व्याधीला एक जुना शब्द आहे, मंत्रचळ. आजचे मानसोपचारतज्ज्ञही मराठीतून बोलताना हाच शब्द वापरतात. मेलेल्या माणसाची नाडी पाहता येत नाही; म्हणून नानांना अमुकच रोग होता असे आम्ही ठामपणे म्हणत नाही. पण त्यांच्या मुलीने जी लक्षणे लिहून ठेविली आहेत ती या व्याधीशी फार जुळतात. तिचा क्रम असा असतो. प्रथम मनात एक नकोसा विचार येतो: हात घाणेरडे आहेत, कडी लावली नाही, आपल्या हातून कोणाचे वाईट झाले. त्या विचाराने छातीत धडधड होते, जीव घाबरा होतो. मग मनुष्य धुतो, तपासतो, मोजतो किंवा तीच प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणतो. क्षणभर बरे वाटते. पण थोड्याच वेळात तोच विचार अधिक जोराने परत येतो, आणि पुन्हा धुणे आले. म्हणजे, ज्याला तो औषध समजतो तेच रोगाचे खाद्य असते. भयाचे ऐकावे तितके ते अधिक मागते. सावकाराच्या व्याजाप्रमाणे, दिले तरी फिटत नाही.

आणि घरची माणसे काय करतात? दयेने म्हणा, कटकट नको म्हणून म्हणा, तीही धुऊ लागतात. जलालपूरच्या घरात असेच झाले. एका माणसाच्या भयाची चाकरी सारे घर करू लागले. त्या काळी नानांवर उपचार करणारा कोणी नव्हता. या रोगाला उपाय आहे हेच मुळी जगात कोणास ठाऊक नव्हते.

अशा घरातून १८८० साली, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, मनू लग्न होऊन टिळकांच्या घरी आली आणि तिची लक्ष्मी झाली. नारायण वामन टिळक हे त्या वेळी नाशिकास शिकत होते. ते बुद्धिमान, कवी, उदार, पण अत्यंत लहरी गृहस्थ होते. मनात येईल तेव्हा घर सोडून कोठेही निघून जावे, असा त्यांचा स्वभाव. आज नवरा घरी आहे, उद्या असेल की नाही हे ठाऊक नाही; चार पैसे आज हातात आहेत, संध्याकाळी ते कोणा गरजूला दिले जातील. एका भयाच्या घरातून सुटून ही मुलगी दुसऱ्या अनिश्चिततेत येऊन पडली. तरी एक गोष्ट टिळकांनी केली: तिला वाचावयास शिकविले. तिला शाळा अशी कधी लाभली नव्हती. त्या अक्षरांचा उपयोग पुढे किती होणार होता, हे तेव्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. आज आपण ती घटना आनंदाची म्हणून सांगतो. परंतु पत्नीच्या बाजूने ती पाहिली पाहिजे. त्या काळच्या समजुतीप्रमाणे नवरा जिवंत असून ती विधवेसारखी झाली. त्याला शिवणे नाही, त्याच्या हातचे पाणी नाही, आणि पदरी लहान मुलगा दत्तू. पुढची सुमारे पाच वर्षे त्या नातलगांच्या आश्रयाने काही काळ नाशिकास, काही काळ पंढरपुरास राहिल्या. दुःख, लाज आणि उद्याची धास्ती या तिन्हींनी त्यांना घेरले होते.

या पाच वर्षांत त्यांना कोणी वैद्य भेटला नाही. पण तीन गोष्टी त्यांना आधार झाल्या, आणि त्या तिन्ही लक्षात ठेवण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, त्यांना एकटे सोडले गेले नाही. ज्या नातलगांना टिळकांचे कृत्य मुळीच मान्य नव्हते, त्यांनीही त्यांना घरात घेतले व सांभाळले. दुसरी गोष्ट, त्यांच्या शोकाला वाट मिळाली. त्या दुःखाच्या दिवसांतच त्यांच्या मुखातून कविता बाहेर पडू लागली. जे मनात कोंडले होते ते शब्दांत आले, आणि शब्दांत आलेले दुःख कमी होत नसले तरी ते धरता येते. तिसरी गोष्ट, टिळकांनी पत्रे लिहिणे सोडले नाही. ये असे ते म्हणत राहिले, पण ओढून नेले नाही.

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, तेव्हाही त्या एकदम बदलल्या नाहीत. अहमदनगराकडे नवऱ्याजवळ राहावयास आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी निराळे ठेविले. टिळकांनी यावर सक्ती केली नाही. भ्यालेल्या माणसाला पाण्यात ढकलून पोहणे शिकविता येत नाही, हे त्यांना उमगले होते. भोवती ख्रिस्ती माणसे होती, सर्व जातींतून आलेली. लक्ष्मीबाई रोज त्यांना पाहत, त्यांच्याशी बोलत, त्यांच्या मुलांना खेळविताना आपले अंतर राखीत. ते अंतर दिवसेंदिवस त्यांच्याच मनाला टोचू लागले.

मग एके दिवशी त्यांच्या मनात विचार आला की, ही जातीची भिंत देवाने बांधलेली नाही, माणसाने बांधली आहे. तेव्हापासून त्या सर्वांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. बाप्तिस्मा अजून झालेला नव्हता. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला.

वाचकहो, त्या पहिल्या पेल्याचा विचार करा. ज्या मुलीच्या घरी मीठ धुतले जाई, ती परक्याच्या हातचे पाणी ओठांना लावीत आहे. सगळे बालपण तिच्या कानात ओरडत असेल की, हे पाणी पिऊ नको, काहीतरी भयंकर होईल. तिने पाणी प्यायले. आकाश फाटले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्यायले. भयाने जे सांगितले होते ते खोटे ठरले, आणि ते वाद घालून खोटे ठरले नाही. पाणी पिऊन खोटे ठरले.

यानंतरच्या लक्ष्मीबाई पाहा. अहमदनगरास प्लेगाची साथ असता मिशनच्या आजारी मुलांची शुश्रूषा करण्यास त्या गेल्या. प्लेग म्हटले की त्या काळी गावेच्या गावे ओस पडत. बाप मुलाला शिवावयास भीत असे. स्पर्शाच्या भयात वाढलेल्या या बाईने इतरांच्या मुलांना हात लावले, तेही खऱ्याखुऱ्या धोक्याच्या वेळी. त्यांना भीती वाटली नसेल असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भीती वाटणे आणि भीतीचे ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच त्यांच्या वागणुकीवरून दिसते.

टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. लक्ष्मीबाई त्यानंतर सुमारे सतरा वर्षे जगल्या. आयुष्याच्या अखेरीस त्या नाशिकास राहत होत्या. पतीचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांनी पुढे लिहून पूर्ण केले. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानगा दत्तू, याच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. त्या ‘स्मृतिचित्रे’ या नावाने १९३४ सालापासून चार भागांत प्रसिद्ध झाल्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकास त्यांचे देहावसान झाले.

त्या ग्रंथात नानांच्या वेडाची हकीकत अगदी आरंभी आहे. मुलीने बापाचे वेड लपविले नाही, आणि बापाला दोषही दिला नाही. जे झाले ते हसतखेळत, करुणेने सांगितले. घराची लाज म्हणून ज्या गोष्टी लोक पुरून टाकतात, त्या तिने अंगणात आणून ठेविल्या. आमच्या मते हा त्या ग्रंथाचा एक मोठा गुण आहे.

आता आपल्याकडे वळू. नानांच्या वेळी जे नव्हते ते आज आहे. १९६६ साली लंडन येथील व्हिक्टर मेयर या तज्ज्ञाने या व्याधीवरील एका नव्या रीतीची हकीकत प्रसिद्ध केली. ती रीत थोडक्यात अशी: ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याजवळ रोग्याला हळूहळू, त्याच्या संमतीने न्यावयाचे, आणि धुण्याची किंवा तपासण्याची ऊर्मी आली तरी ती क्रिया करू द्यावयाची नाही. प्रथम भीती वाढते. पण थांबले असता ती आपोआप ओसरू लागते, आणि मनाला नवा धडा मिळतो. आज अगदी सोपी पायरी, पुढच्या आठवड्यात त्याहून अवघड. लक्ष्मीबाईंनी जे केले ते विवेकाच्या प्रेरणेने केले, उपचार म्हणून नव्हे. आणि नानांसारख्या खऱ्या रोग्याला एका विचाराने असा मोकळेपणा येईल असे मानणे चुकीचे होईल. पण वाट त्याच दिशेची आहे. मात्र रोग्याला ती शिकलेल्या माणसाचा हात धरून चालावी लागते.

दुसरा उपाय औषधांचा. मेंदूतील सिरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करणाऱ्या गोळ्या मंत्रचळाला व इतर प्रकारच्या चिंतारोगांनाही उपयोगी पडतात. त्या एका दिवसात गुण देत नाहीत. पुष्कळदा काही आठवडे, मंत्रचळात तर दोन-तीन महिनेही, वाट पाहावी लागते. चार दिवस घेऊन काही झाले नाही म्हणून टाकून देणे, किंवा बरे वाटले म्हणून आपल्याच मनाने बंद करणे, या दोन चुका फार घडतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या सोडू नयेत. पुष्कळांना गोळ्या आणि वर सांगितलेली रीत ही दोन्ही मिळून अधिक गुण येतो. सगळ्यांचीच व्याधी समूळ जाते असे नाही. परंतु ती आटोक्यात येऊन मनुष्य शेतावर, शाळेत, संसारात पुन्हा उभा राहू शकतो.

तिसरा भाग घरच्या माणसांचा. रोग्याला रागे भरू नये, हसू नये. पण त्याच्या भयाची चाकरीही करू नये. त्याच्याबरोबर तुम्हीही मीठ धुऊ लागलात, तर रोग दोघांचा होतो. हे एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने, रोग्याशी ठरवून, थोडेथोडे कमी करावे.

आणि चौथा भाग आम्हा पाळकांचा. आम्ही पुष्कळ वेळा चुकलो आहोत, हे कबूल केले पाहिजे. कोणी बहीण येऊन म्हणते की, पाळकसाहेब, रात्री झोप लागत नाही, वाईट विचार येतात, मी क्षमा मागते तरी क्षमा झाली असे वाटत नाही, म्हणून दिवसातून पन्नास वेळा तीच प्रार्थना करते. आम्ही तिला सांगतो की, बाई, विश्वास कमी पडतो, आणखी प्रार्थना कर. वाचकहो, तिची प्रार्थना हेच तिचे धुणे झालेले असते. आम्ही तिला आणखी धुवावयास सांगतो! तिला दोष लावू नये. तिचा विश्वास कमी नाही. तिचे मन आजारी आहे, जसे पोट आजारी पडते, डोळे आजारी पडतात. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडुपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. प्रथम त्याला निजू दिले, भाकर व पाणी दिले, पुन्हा निजू दिले. बोलणे त्यानंतर झाले. पाळकाने हा क्रम विसरू नये. प्रार्थना जरूर करावी, आणि तिच्याबरोबर दवाखान्यातही जावे.

हे साहाय्य फार दूर नाही. नाशिकसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात मनोविकारांवर उपचार मिळतात. जवळच्या आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारले तर ते चिठ्ठी देऊन वाट दाखवितात. ज्याला एकदम दवाखान्याची पायरी चढण्याचा धीर होत नाही, त्याने टेलीफोनवरून आरंभ करावा. ‘टेली मानस’ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती विनामूल्य आहे, रात्रंदिवस चालते, आणि मराठीतही बोलता येते. २०१७ च्या कायद्याप्रमाणे मनाच्या आजारावर उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, आणि त्याची गुप्तता राखणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. ‘लोक काय म्हणतील’ हे भय मोठे आहे खरे; परंतु तेही एक भयच आहे, आणि त्याचे किती ऐकावयाचे हे आपल्याच हाती आहे.

गोदेच्या काठच्या त्या घरात एक भ्यालेला गृहस्थ आयुष्यभर धूत राहिला, आणि त्याला कोणी सोडवू शकले नाही. त्याचीच मुलगी परक्या हातचे पाणी प्याली, परक्यांच्या आजारी मुलांजवळ बसली, आणि म्हातारपणी बापाची गोष्ट प्रेमाने सांगून गेली. तुमच्या घरात, शेजारी, किंवा मंडळीच्या मागच्या बाकावर असे धुणारे हात असतील, तर या आठवड्यात त्यांच्याकडे जा. उपदेश घेऊन जाऊ नका. त्यांच्याजवळ बसा, त्यांचे ऐका, आणि हे दुखणे बरे होण्याजोगे आहे एवढे त्यांना सांगा. दवाखान्यात जाण्याचा दिवस ठरला की त्या दिवशी त्यांच्याबरोबर चला.